हजेरी शेवटी

उधना, सुरत
११ जानेवारी १९९८

प्रिय प्रमोद,
जयभीम.

तू बंगळूरला जाऊन तीन वर्षं झाली, पण जाताना मिलला लिहून दिलेला तुझा प्रोग्राम अजून माझ्या डोक्यावर बसलाय. रोज त्याला गोंजारते, रोज तो चावतो. आज त्याचीच तक्रार लिहायला बसलेय, तेव्हा चहा घेऊन वाच.

आपल्या मिलमध्ये (आपली म्हणजे नवनीतशेठची, आबा तिथं जेटवर कापड रंगवतात आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसते, म्हणून आपली) दिवाळीनंतर एक गोष्ट झाली. जेट खात्यातली सगळी माणसं मिळून शेठकडे गेली. पुढे आबा. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या बंद करा, आठ-आठच्या तीन करा, एवढीच मागणी. बाबासाहेब ज्या आठ तासांसाठी भांडले ते अजून पलसाण्याच्या या मिलमध्ये पोचले नाहीत, असं आबा शेठच्या तोंडावर म्हणाले. मला वाटलं, आता दोघांनाही घरी बसावं लागणार. पण शेठनं चहा मागवला. करून बघू म्हणाला.

डिसेंबरात करूनही बघितलं. जेटपुरत्या तीन पाळ्या लावल्या आणि तुझ्या प्रोग्रामनं हात वर केले. त्याला दोनच पाळ्या कळतात. तिसऱ्या पाळीत निघालेला लॉट कुणाचा हेच त्याला समजेना. त्यानं तो आदल्या लॉटला चिकटवला, आणि एका पार्टीचा राणी कलरचा माल दुसऱ्याच पार्टीच्या दुकानात जाऊन उतरला. ट्रायल बंद. शेठ ओरडला नाही. माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाला, "कम्प्युटर हा पाडे तो मारी ना नथी." म्हणजे, कॉम्प्युटर हो म्हणाला तर माझी ना नाही.

म्हणजे आता आबांचे आठ तास शेठच्या हातात नाहीत, माझ्या हातात आहेत, आणि माझ्या हातून तुझ्या. तेव्हा सांग, दोनाच्या जागी तीन कुठं लिहायचं? मी लिहिते आणि मोकळी होते.

आई बरी आहे. कोसाडच्या मावशीकडे चार दिवस राहून आली.

तुझी ताई,
प्रज्ञा


बंगळूर
२० जानेवारी १९९८

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून हसलो, मग लाज वाटली. राणी कलरच्या मालाची बातमी इथं कुणाला सांगितली नाही.

दोनाच्या जागी तीन लिहून भागणार नाही गं. तो प्रोग्राम म्हणजे एकच मोठी गाठ आहे. लॉटचा भाग हजेरीच्या फाइलमध्ये स्वतः हात घालतो, डिस्पॅचचा भाग लॉटच्या फाइलमध्ये घालतो, पगाराचा भाग तर सगळ्यांच्या खिशात हात घालून फिरतो. पाळी बदलली की सगळेच कोलमडतात, कारण प्रत्येकानं पाळी आपापल्या परीनं गृहीत धरलेली आहे. एक जागा दुरुस्त केलीस तर दुसरीकडे फुटेल.

आमच्या कंपनीत सध्या एका विमा कंपनीचं काम चाललंय. तिथं असाच गुंता होता. आमच्या साहेबांनी वेगळाच मार्ग काढलाय. मोठ्या प्रोग्रामचे छोटे-छोटे भाग करायचे, प्रत्येकाकडे एकच काम. याला ते सर्व्हिस म्हणतात. पोस्टात आपण खिडकीवर तिकीट मागतो, आत जाऊन कपाट उघडत नाही, तसं. लॉटच्या प्रोग्रामनं हजेरीच्या खिडकीवर विचारायचं: आत्ता चार नंबरच्या जेटवर कोण? खिडकीतून नाव येईल. पाळ्या दोन आहेत, तीन आहेत का सात आहेत, हे लॉटला कळायचं कारणच नाही. उद्या शेठनं पाळी बदलली तर फक्त हजेरीच्या आत बदल होईल, बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही.

वेळ लागेल. पण एकदा केलंस की मिल कशीही वळव, प्रोग्राम वळेल. तू करशील का? मी पत्रातून शिकवतो, अवघड भाग लिहून फ्लॉपीवर पाठवतो. आबांना सांग, लेकरं कामाला लागली आहेत.

तुझा,
प्रमोद


उधना
१ फेब्रुवारी १९९८

(हे पत्र टाकलं नाही. — प्रज्ञा)

प्रिय प्रमोद,

तुला प्रोग्रामचं लिहायच्या आधी दुसरं लिहिते. आबांची छाती गेली आहे. जिना चढले की मधल्या वळणावर उभे राहतात आणि कठड्याला हात लावून खाली बघत असल्यासारखं करतात, म्हणजे कुणाला वाटावं की कुणाची तरी वाट बघतायत. मी जबरदस्तीनं रिंग रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, हे अजून जेटच्या वाफेत उभे राहतात? बारा तास? मग नुसतं लिहीत बसले. बाहेर आल्यावर मला बाजूला बोलावून म्हणाले, काम सोडवा.

आबा सोडत नाहीत. म्हणतात, मागणी मी केली, आता मीच घरी बसलो तर शेठ विषय मिटवून टाकेल, बाकीच्यांनी काय करायचं? आठ तास होऊ देत, मग बघू. आणि तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं करून शब्द घेतला. "पोऱ्याले काही लिखू नको. त्याले जाऊ दे." तू जूनमध्ये अमेरिकेला जाणार हे त्यांनी अख्ख्या चाळीला सांगितलंय.

आठ तास झाले तर ते वाचतील, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणते. मला दुसरं काही धरायला नाही, म्हणून हेच धरून ठेवलंय.

शब्द दिलाय. हे टाकता येणार नाही. तरी लिहिलं.


उधना
१ फेब्रुवारी १९९८

प्रिय प्रमोद,
जयभीम.

तुझी पोस्टाची खिडकी समजली. मिलमध्ये रंगखात्याच्या मास्टरांना समजावली, तर ते म्हणाले, आपल्या पोस्टात खिडकीवर कोण बसलेलं असतं का कधी? पण शेठला पटली. जुना ३८६ कॉम्प्युटर पडून आहे, तो मागून घेतलाय. हजेरीसाठी तो वेगळा ठेवावा म्हणते.

मी करीन. शिकव. कुठून सुरू करायचं ते लिही, आणि लवकर लिही. गुरुवारी मिलची वीज बंद असते, त्या दिवशी जनरेटरवर मला मशीन मिळतं. तेवढा एक दिवस पूर्ण माझा.

घरी सगळे ठीक.

तुझी ताई


बंगळूर
१२ फेब्रुवारी १९९८

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझ्या मास्टरांना माझा नमस्कार सांग. पोस्टाचं उदाहरण मागे घेतो.

आता नीट वाच, कारण यात क्रमाला महत्त्व आहे. आधी लॉट. मग डिस्पॅच, त्याच्याबरोबर पगार. हजेरी शेवटी.

कारण सांगतो. हजेरीकडे सगळेच येतात. तिलाच आधी हात लावलास तर लॉट, डिस्पॅच, पगार, सगळे एकदम पडतील, आणि शेठचा विश्वास पुन्हा बसणार नाही. म्हणून आधी बाकीच्यांना खिडकीवर येऊन विचारायची सवय लावायची. खिडकीच्या आत जुनाच पसारा असला तरी चालेल. सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे राहायला लागले, की मग आतली खोली हळूच बदलायची. कुणाला कळणारही नाही. आमच्या साहेबांनी विमा कंपनीत असंच केलं आणि एक दिवसही काम बंद पडलं नाही.

खिडकी कशी करायची ते सोबतच्या पानांवर लिहिलंय. सर्व्हरवर एक डिरेक्टरी ठेव. लॉटचा प्रोग्राम तिच्यात प्रश्नाची छोटी फाइल टाकेल, ३८६ ती उचलेल, उत्तराची फाइल ठेवेल. प्रश्न नेमका असावा. उत्तरही तेवढंच असावं, विचारलंय त्यापेक्षा एक अक्षर जास्त नको. आतलं काही बाहेर सांगायचं नाही, हा या पद्धतीचा पहिला नियम आहे.

अमेरिकेचं पक्कं होतंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं. मेमध्ये चार दिवस घरी येतोच. आबांना म्हणावं, तेव्हा त्यांना सुट्टी काढावी लागेल, मी त्यांना डुमसच्या समुद्रावर घेऊन जाणार आहे.

तुझा,
प्रमोद


उधना
२२ मार्च १९९८

प्रिय प्रमोद,
जयभीम.

लॉट झाला. गेले काही दिवस तो खिडकीवर येऊन विचारतो आणि उत्तर घेऊन जातो. पहिल्या दिवशी ३८६ पाशी खुर्ची टाकून नुसती बघत बसले. हिलालकाका (आबांच्या शेजारच्या जेटवर आहेत ते) डोकावून विचारून गेले की हे डबडं काय करतं. मी म्हटलं, तुम्ही कामावर आहात का ते सांगतं. ते म्हणाले, ते तर माझी बायकोपण सांगते.

तुझा कोड उलगडताना एक गोष्ट दिसली. बाराचा आकडा. लॉटमध्ये बारा, डिस्पॅचमध्ये बारा, जिथं पाळीचा काही संबंध नाही अशा ठिकाणीही बारा. मी आधी चिडले. मग लक्षात आलं की तू तरी दुसरं काय लिहिणार होतास? आपल्या घरात दिवसाचे दोनच भाग होते. आबा गेले, आबा आले. आपण अभ्यास करायचो तेही त्यावर, जेवायचो तेही त्यावर. तिसरा भाग तू कधी बघितलाच नव्हतास, तर लिहिणार कुठून.

आता मुद्द्याचं. डिस्पॅच राहू दे मागं. हजेरी आधी केली तर? मी विचार केलाय. थोडं फुटेल, मी हातानं सांभाळीन. डिस्पॅचची चलनं चार आठवडे हातानं लिहीन, मला जड नाही. नाहीतर असं कर, फक्त जेट खात्याची हजेरी कॉम्प्युटरच्या बाहेर काढून देऊ, कागदावर ठेवू. आठ तास एकदा सुरू होऊ देत, बाकीचं नंतर निस्तरता येईल. होईल का ते उलट टपालानं कळव.

आबा हल्ली उन्हाळ्यामुळे बाहेर ओट्यावरच झोपतात. तुझी आठवण काढतात.

तुझी ताई


बंगळूर
३० मार्च १९९८

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

बाराचं वाचून कसंतरीच झालं. तू म्हणतेस ते खरं असेल.

पण हजेरी आधी नको. ऐक माझं. चलनं हातानं लिहायला गेलीस आणि एक चुकलं, पुन्हा एखाद्या पार्टीचा माल दुसरीकडे उतरला, की शेठ म्हणेल, बघा, तीन पाळ्या जमतच नाहीत. तिथंच संपलं. आणि कागदावरची हजेरी एक सांगणार, कॉम्प्युटर दुसरं सांगणार. असल्या जुगाडानं पंधरवडाभर आठ तास मिळतील आणि पुढे कायमचे जातील. जेट खात्यातली माणसं इतकी वर्षं थांबली, अजून दोन महिने थांबतील.

तुला एवढी घाई कशाची लागलीय? शेठनं बढतीचं काही कबूल केलंय का? असेल तर लपवू नकोस, पेढे पाठव. नसेल तर डिस्पॅच शांतपणे पूर्ण कर. मोठ्या कामात घाई करणारा माणूसच काम बिघडवतो, हे मी इथं रोज बघतोय.

तुझा,
प्रमोद

ता. क. गेल्या रविवारी चाळीच्या पीसीओवर फोन केला तेव्हा आबा आले नाहीत. आई म्हणाली, पाळीवर आहेत. रविवारीही?


उधना
२६ एप्रिल १९९८

प्रमोद,
जयभीम.

डिस्पॅच झालं, पगारही. तू सांगितलंस तसंच केलं, एकही चलन चुकलं नाही.

बढती नाही. पेढेही नाहीत.

जयंती चांगली झाली. निळे झेंडे पार रेल्वे फाटकापर्यंत लागले होते. आबा मिरवणुकीत गेले नाहीत, पाळी होती. चाळीपुढून मिरवणूक गेली तेव्हा हिलालकाकांनी ढोल थांबवून आपल्या दारापुढं जयभीमची घोषणा दिली. आई रडली. सणाच्या दिवशी बायका रडतात तसं.

आता हजेरी. ती माझ्या एकटीच्यानं होणार नाही. तिसऱ्या पाळीत मध्यरात्री तारीख बदलते, तिथं मी अडते. तेवढा भाग लिहून पाठव.

आणि तू मेमध्ये येणार होतास. ये. हजेरीसाठी म्हण, डुमससाठी म्हण, कशासाठीही म्हण, पण ये.

ताई


बंगळूर
७ मे १९९८

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र जरा तुटक वाटलं. माझ्या बढतीच्या थट्टेचा राग आला असेल तर माफ कर. तू जे केलंस ते आमच्या कंपनीत चार माणसांची टीम करते, हे मी साहेबांना सांगितलं. त्यांना खरंच वाटेना.

मेमध्ये यायचं जमत नाही. व्हिसासाठी मद्रासला जायचंय, त्याची तारीख नेमकी मधे आली, आणि विमा कंपनीचं काम जायच्या आधी दुसऱ्याच्या हवाली करायचंय. अमेरिकेतून परत आलो की महिनाभर घरी राहीन. डुमस कुठं पळून जात नाही.

हजेरीचा अवघड भाग लिहून फ्लॉपी कुरिअरनं पाठवलीय. तारीख बदलण्याचा प्रश्न सुटलाय, मी इथं तपासून बघितलंय. आता तुला फक्त आतली खोली बदलायची. जायच्या आधी आठ तास सुरू झाल्याची बातमी आली तर मी विमानात निवांत झोपेन.

परवा पुन्हा फोन केला. आई म्हणाली, झोपलेत. हे आबा नेमके माझ्याच फोनला कसे झोपतात? त्यांना सांग, रविवारी सकाळी दहाला पीसीओवर येऊन बसा. मला त्यांच्याशी बोलायचंय.

तुझा,
प्रमोद


बंगळूर
१६ जून १९९८

ताई,

इथं परत येऊन आठवडा झाला. काही लिहावंसं वाटत नव्हतं. घरी असताना तुझ्याशी बोललो नाही, कारण बोललो असतो तर चारचौघांत भांडलो असतो.

तुझा फोन आला त्या सकाळी मी तुम्हालाच फोन लावणार होतो. आबा पीसीओवर आले असतील असं वाटलं. रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यात दारापाशी बसून आलो. स्टेशनवर जेट खात्यातला सुकलाल घ्यायला आला होता. मी त्याला विचारलं, आबा कुठं ठेवलेत? तो म्हणाला, उन्हाळा आहे, प्रमोद, काल संध्याकाळीच अग्नी दिला. ताई, मला तर आबांचा चेहराही दिसला नाही.

आणि मग आईनं सांगितलं. डिसेंबरपासून. डॉक्टर, छातीचा फोटो, जिन्यातलं उभं राहणं. जयंतीला मिरवणूक थांबवून घोषणा दिली ती कुणासाठी, तेही. तू मला लिहिलं होतंस, पाळी होती. ताई, तू मला लिहिलंस, उन्हाळ्यामुळे बाहेर झोपतात.

मी तुला विचारलं होतं, घाई कशाची. तेव्हा तरी सांगायचंस. एक ओळ. मी हजेरी आधी केली असती. मी नोकरी टाकून आलो असतो, बारा जिथं जिथं लिहिलाय तिथं बसून खोडला असता. मी क्रम शिकवत बसलो तुला, तू तो मुकाट्यानं पाळत बसलीस, आणि आबा वाफेत उभे होते. मी तुझा इतका परका कोण लागतो की तू माझ्याशी खिडकीतून बोललीस? विचारलं तेवढंच सांगितलंस.

अमेरिकेला जाणार नाही म्हणून कळवलंय. साहेबांनी जायची तारीख ऑगस्टवर ढकलली, म्हणाले, तोवर विचार कर. विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

प्रमोद


उधना
८ जुलै १९९८

प्रिय प्रमोद,
जयभीम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, काय लिहिलंय. म्हटलं, बरा आहे.

तुझा राग बरोबर आहे. मलाही तुझा राग आला होता. मार्चमध्ये तू पेढे मागितलेस तेव्हा पत्र चुलीत घालावंसं वाटलं. मग वाटलं, याचा काय दोष, याला ठाऊकच नाही, आणि ठाऊक होऊ न देणारी मीच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जेट खात्यात डबा घेऊन जायची, तेव्हा आबा मशीनच्या आडोशाला खाली बसलेले असायचे आणि त्यांचं मशीन हिलालकाका बघत असायचे. सगळ्या खात्यानं त्यांना असं झाकून ठेवलं होतं. मास्टरांना माहीत होतं. कदाचित शेठलाही. तुला तेवढं नव्हतं. शब्द मोडला असता तर तू आला असतास, आबा माझ्याशी बोलणं टाकून गेले असते, पण तुला चेहरा दिसला असता. यातलं कुठलं बरं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. रोज ठरवते, रोज मोडते.

हजेरी आधी केली असती तर ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. तुझ्यासाठीच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी म्हटलं, होय का नाही एवढंच सांगा. ते म्हणाले, बाई, अशा प्रश्नाला तसं उत्तर नसतं. तेव्हा तू ते गणित मांडू नकोस. तुझा क्रम बरोबर होता. मी तोच पाळला म्हणून काम टिकलं. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. तुझं मन राखायची ताकद सध्या माझ्यात नाही.

आता बाकीचं सांगते. तू गेल्यावर मी कामावर गेले. घरात आई भिंतीकडे बघत बसते, तिथं मला बसवेना. तुझी फ्लॉपी ड्रॉवरमध्येच होती. कुरिअर आलं त्याच आठवड्यात आबा गेले, म्हणून उघडलीच नव्हती. दोन गुरुवार बसून हजेरीची आतली खोली बदलली. मग शेठला जाऊन सांगितलं, कॉम्प्युटर हो म्हणतो. मला वाटलं होतं, आता दुसरं काहीतरी निमित्त काढेल. आबा नाहीत, मागणारा नाही. तो बाहेर बघतच म्हणाला, पयली तारीखथी करो. पहिल्या तारखेपासून करा. त्याला दोष द्यावा तर तोही देता येत नाही.

पहिल्या तारखेला जेट खात्यात आठ तास सुरू झाले. दुपारी चारला भोंगा वाजला, हिलालकाका बाहेर आले आणि गेटवर तसेच उभे राहिले. ऊन होतं. ते मला म्हणाले, प्रज्ञा, मी या टायमाले कधी घरी गेलो नाही, घरी काय करू गं? मग रस्त्यापलीकडच्या हातलारीवर चहा घेत बसले. त्यांच्याबरोबरची चार माणसंही बसली. कुणी आबांचं नाव काढलं नाही. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे काढल्यासारखंच होतं.

एक काम मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आबांचं नाव हजेरीत तसंच होतं. त्या दिवसापासून प्रोग्राम रोज त्यांच्यापुढं गैरहजर लिहीत होता आणि मी लिहू देत होते. पण तीन पाळ्या लागल्यावर त्यांच्या चार नंबरच्या जेटवर माणूस नेमावा लागणार होता. मास्टरांनी सुकलालचं नाव दिलं. काल मी ३८६ पुढं बसले. श्रीपत आनंदा सोनवणे. काम सोडल्याची तारीख. ती टाकली. खाली सुकलालचं नाव घातलं. एंटर दाबलं.

तेवढ्यात लॉटनं विचारलं, चार नंबरच्या जेटवर कोण. हजेरीनं सांगितलं, सुकलाल. प्रिंटरमधून लॉटची पावती आली. डिस्पॅचनं आपलं चलन काढलं. पगाराला काही कळलंही नाही. मी खुर्चीत बसून वाट बघत होते, कुठंतरी काहीतरी अडेल. एखादी फाइल उघडणार नाही, एखादा आकडा जुळणार नाही, लाल अक्षरांत काहीतरी येईल. इतकी वर्षं तो माणूस त्या मशीनवर होता. काहीच अडलं नाही. मास्टर मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, प्रज्ञाबेन, बहु सरस चाले छे.

मी उठून पंप हाऊसच्या मागं गेले आणि रडले. आबा गेल्यापासून पहिल्यांदा.

तू अमेरिकेला जा. नाही म्हणालास ते साहेबांना फिरवून सांग. जायचं नसेल तर नको जाऊ, पण माझ्यावरच्या रागानं राहू नकोस. त्यांनी छातीत दुखत असताना तोंड मिटून ठेवलं ते एवढ्याच एका गोष्टीसाठी. मला त्यांच्याकडून दुसरं काही सांभाळायला मिळालेलं नाही, तेवढं तरी हातचं जाऊ देऊ नकोस. आणि तिथून लिही. मी आता विचारलंस त्यापेक्षा जास्त लिहीन. आई खात नाही, मला झोप येत नाही, आबांचा डबा अजून रॅकवर आहे आणि तो काढायचं धाडस दोघींपैकी एकीलाही होत नाही. हे तू विचारलं नव्हतंस.

मास्टर म्हणाले ते खोटं नाही. फार छान चालतं. माणूस काढला तरी काही अडत नाही. आपण तसंच बनवलं होतं, प्रमोद.

तुझी,
ताई